मोशीची बाराखडी

किलिमांजारोच्या पायथ्याशी सहा आठवडे स्वयंसेवक म्हणून राहायचं, तर सॅकमध्ये काय भरायचं? ट्रेकिंग शूज नंतर बघू. आधी वीसेक शब्द भरा!

स्वाहिलीत बहिणीला 'दादा' म्हणतात. मोठ्या भावाला 'काका', आईला 'मामा' आणि आजोबांना चक्क 'बाबू'! त्यामुळे टांझानियातल्या मोशी गावात भाजीवालीपासून कंडक्टरपर्यंत सगळे मला 'दादा' अशी हाक मारू लागले, तेव्हा मुंबईतल्या मैत्रिणींना पहिला मेसेज काय गेला असेल, ते ओळखा. 'अभिनंदन करा, मी दादा झाले.'

मोशी उत्तर टांझानियात आहे. डोक्यावर ५,८९५ मीटर उंचीचा किलिमांजारो, उतारावर केळीच्या आणि कॉफीच्या बागा. गावाच्या नावाचा स्वाहिलीतला अर्थ 'धूर'. इथे परदेशी पाहुणे दोन प्रकारचे. एक डोंगर चढायला आलेले, दुसरे शाळेत, दवाखान्यात नाहीतर बायकांच्या गटात काम करायला आलेले. मी दुसऱ्यांतली. ऑफिसमधून सहा आठवड्यांची बिनपगारी रजा, आणि काम म्हणजे एका बचत गटाच्या हिशेबाला हातभार.

घड्याळ उलटं वाचा

स्वाहिली दिवस मध्यरात्री नाही, उजाडताना सुरू होतो. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. दहा म्हणजे 'सा न्ने', चौथा. विषुववृत्त जवळ असल्यामुळे सूर्य वर्षभर सहाच्या आसपासच उगवतो, म्हणून हा हिशेब कधी बिघडत नाही. आपल्याकडेही प्रहर सूर्योदयापासूनच मोजायचे की! सोपी युक्ती सांगते. घड्याळाचा तासकाटा जिथे आहे, त्याच्या बरोब्बर समोरचा आकडा वाचायचा. माझ्या घरमालकीणबाईंनी ही युक्ती पहिल्याच दिवशी शिकवली, म्हणून गटाच्या 'सा न्ने'च्या मीटिंगला मी दहाला हजर होते.

पुढचे शब्द ताटातून आले. 'उगाली' म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, हातानेच खायचा. सोबत 'महारागे' (राजम्यासारखं कडधान्य), 'म्चिचा' (आपल्या माठाची चुलतबहीण) आणि कांदा-टोमॅटोची 'काचुंबारी'. चपातीला 'चपाती'च. आंबा 'एंबे', दुकान 'दुका', गाडी 'गारी', पैसा 'पेसा', विमा 'बिमा'. मान्सूनच्या वाऱ्यांवर शतकानुशतकं गलबतं आपल्या आणि त्यांच्या किनाऱ्यांमध्ये ये-जा करत होती. माल उतरला, तसे शब्दही उतरले. एक गंमत मात्र लक्षात ठेवा. मका म्हणजे 'माहिंदी' आणि भारतीय माणूस म्हणजे 'म्हिंदी'. गोऱ्यांना 'म्झुंगू' म्हणतात, आपल्या वाट्याला हा शब्द येतो.

'पोले' आणि 'बादो'

समवयस्क भेटले की विचारतात, 'माम्बो?' उत्तर, 'पोआ'. मूळ अर्थ थंड झालेलं. म्हणजे आपलं 'कूल'च की! वडीलधाऱ्यांना मात्र हे चालत नाही. तिथे 'शिकामू' म्हणायचं. या शब्दाचा अर्थ 'तुमचे पाय धरते' असा सांगतात. त्यावर समोरून 'मरहबा' असा आशीर्वाद मिळतो. वाकून नमस्कार करायला शिकलेल्या मराठी मुलीला आणखी काय समजवायचं? कोणाच्या घरी गेलं, की दारातून 'होदी!' असा आवाज द्यायचा आणि आतून 'कारिबू' येईपर्यंत बाहेर थांबायचं.

माझा सगळ्यात लाडका शब्द 'पोले'. डिक्शनरीत अर्थ 'सॉरी', पण चूक कोणाचीच नसते. तुम्ही ठेचकाळलात, 'पोले'. ताप आला, 'पोले'. प्रवासाहून आलात, 'पोले ना सफारी'. नुसतं काम करत बसला आहात, तरी जाणारा म्हणतो, 'पोले ना काझी'. दमलीस गं, एवढाच भाव. डेडलाइनच्या आठवड्यात आपल्या ऑफिसात हे कोणी म्हणालं, तर काय बहार येईल!

दुसरा शब्द 'बादो', म्हणजे 'अजून नाही'. किलिमांजारो चढलीस? बादो. स्वाहिली येतं? बादो. लग्न झालं? बादो! सरळ 'नाही' म्हणणं इथे जरा तुटक वाटतं. 'बादो'मध्ये दार किलकिलं राहतं आणि विषय तिथेच संपतो. याच प्रश्नावर आमच्या सोसायटीतल्या काकूंसमोर अर्धा तास जातो, हो!

हिसा, फाइदा, हेसाबू

आता कामाचं. अशा बचत गटांना इथे 'विकोबा' म्हणतात. आमचा गट आठवड्यातून एकदा एका आंब्याखाली जमायचा. मधोमध लोखंडी पेटी, पेटीला तीन कुलपं, तिन्ही किल्ल्या तीन वेगवेगळ्या बायकांकडे. तिघी आल्याशिवाय पेटी उघडत नाही. प्रत्येकीने ऐपतीप्रमाणे 'हिसा' घ्यायचा, म्हणजे हिस्सा. पासबुकात तेवढे शिक्के. उशीर झाला, तर 'फाइनी', म्हणजे दंड. जमलेल्या पैशातून कर्ज, कर्जावर व्याज, आणि वर्षअखेरीस सगळं वाटून घ्यायचं. नफ्याला शब्द आहे 'फाइदा'. आणि या सगळ्याला म्हणायचं 'हेसाबू'! अरबीतून हे शब्द त्यांच्याकडे गेले तसे आपल्याकडेही आले. मला डिक्शनरी उघडावीच लागली नाही.

पेटी, पासबुक आणि वाटणीची ही पद्धत १९९१ मध्ये नायजर देशात एका विकास प्रकल्पातून सुरू झाली आणि आफ्रिकेत पसरली. पण तिच्या आधीपासून इथे 'उपातू' होताच. उपातू म्हणजे आपली भिशी. मीटिंग संपताना शिल्लक मोठ्याने सांगितली जाते आणि सगळ्याजणी ती पाठ करून घरी जातात. पुढच्या वेळी पेटी उघडण्याआधी तोच आकडा विचारतात. जिला लिहिता येत नाही, तिलाही गटाची शिल्लक तोंडपाठ असते.

मग तिथे माझं काम काय उरलं? खरं सांगू, थोडंसंच. वर्षअखेरीची वाटणी जवळ आली होती. वही लिहिणाऱ्या दोघी मुलींसोबत बसून मी जुन्या नोंदी जुळवल्या आणि कर्ज-व्याजाचा तक्ता करायला त्यांना शिकवलं. चौथ्या आठवड्यात त्या माझ्याशिवाय तक्ता करू लागल्या. ज्या दिवशी त्यांनी माझ्या बेरजेतला आकडा स्वतः पुन्हा तपासून मगच वहीत उतरवला, त्या दिवशी मला वाटलं, रजा वसूल!

विमानाच्या तिकिटाएवढे पैसे गटाला पाठवले असते, तर जास्त उपयोग झाला असता का? हा प्रश्न मलाही पडला. प्रत्येक स्वयंसेवकाला पडायला हवा. माझ्यापुरती मी एक कसोटी ठरवली आहे. मी गेले नाही, तर हे काम कोण करेल? उत्तर 'तिथलाच माणूस, मजुरी घेऊन' असं असेल, तर ते काम त्याचं. सुतार, गवंडी, शिंपी अशा कारागिराला स्वाहिलीत 'फुंदी' म्हणतात. शाळेच्या भिंती रंगवायला मुंबईहून माणूस जातो, तेव्हा एका फुंदीचा रोज बुडतो. आणि अनाथाश्रमात दोन-तीन आठवडे मुलांशी खेळण्याचे प्रोग्रॅम तर टाळाच. मुलांना माणसांचा लळा लागतो, आणि दर पंधरवड्याला नवं माणूस येऊन-जाऊन तो तुटत राहतो.

जायचंय? मग हे बघा

• टांझानियात साध्या टुरिस्ट व्हिसावर स्वयंसेवा करता येत नाही. वेगळा परवाना लागतो. संस्थेला आधीच लेखी विचारा.

• तुम्ही दिलेल्या फीमधले किती पैसे गावात पोचतात, हेही विचारा. उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरी संस्था शोधा.

• मलेरियाच्या गोळ्या आणि लशी यांबद्दल निघण्याच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटा.

• गुडघे झाकणारे कपडे घ्या. बाकी 'कांगा' तिथे विकत घ्या. या रंगीत कापडावर काठाशी एक म्हण छापलेली असते. अर्थ विचारल्याशिवाय घेऊ नका, काही म्हणी शेजारणीला टोमणा मारणाऱ्या असतात!

• गावात फिरायला 'दालादाला', म्हणजे मिनीबस. लोकलचा चौथ्या सीटचा अनुभव असेल, तर तुम्ही क्वालिफाइड आहात.

• कोणी काम करताना दिसलं, तर फोटो नंतर. आधी म्हणा, 'पोले ना काझी'.