कळसूबाईच्या मुलखात

सुट्टी जवळ आली की घरोघरी महाबळेश्वर-माथेरानची नावे निघतात. पण मैत्रिणींनो, एकदा अकोल्याकडे वळून पाहा. विदर्भातले अकोला नव्हे बरं का, आपल्या अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातले अकोले! राजूरवरून भंडारदऱ्याला पोचले, की हा जिल्हा दुष्काळी म्हणतात ते खरे वाटेनासे होते. चहूकडे सह्याद्री, उतारावर भातखाचरे, आणि प्रवरेवरचे १९२६ सालचे धरण.

या डोंगरात महादेव कोळी समाजाची मोठी वस्ती आहे. त्यांचे पूर्वज बालाघाटाकडच्या महादेव डोंगरांतून आले, अशी परंपरा आहे. अशा माणसांचा इतिहास कागदावर थोडा आणि जागांच्या नावांत फार! दूर युरोपातही तसेच. सहाव्या शतकाच्या अखेरीस स्लाव लोक आल्प्सच्या खोऱ्यांत येऊन वसले. पुढे तिथली भाषा जर्मन झाली. पण ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराचे नाव मुळात स्लावच. अर्थ काय, तर छोटा गड!

आपल्याकडे मात्र महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच, १,६४६ मीटरच्या शिखराला नाव मिळाले ते एका कामकरी मुलीचे. कथा अशी सांगतात: कळसू नावाची कोळ्याची पोर पायथ्याच्या इंदोरे गावी एका घरी कामाला राहिली. अट एकच, भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एके दिवशी घरातल्या कुणीतरी तेच काम सांगितले. तिने ते मुकाट्याने केले, आणि तडक डोंगर चढून गेली ती कायमची! भांडी घासली ते थाळेमेळ, केर काढला तो काळदरा. नवरात्रात तिथे जत्रा भरते.

नावे टिकली, पण बियाणे? संकरित वाण आले तसे घरातले गावठी वाण मागे पडले. चार पावसाळे पेरले नाही तर बी मरते, आणि मग ते पैसे देऊनही मिळत नाही. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी हे ओळखले. शाळेत कधी न गेलेल्या या बाईंनी भात, वाल, घेवडे यांचे गावठी वाण जमवून घरीच बियाण्यांची बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

जायचे तर पावसाळा सरल्यावर जा. बारी गावातून वर वाट आहे, अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. शिखर झेपले नाही तर खालच्या गावात थांबा, तिथल्या बायकांशी बोला, आणि येताना मूठभर गावठी घेवड्याचे बी मागून आणा. परसात लावा, आणि पुढच्या वर्षीसाठी थोडे राखून ठेवायला विसरू नका.