एकदा दाबून, दोनदा दाबून

‘गिअर नीट पडत नाही’ हे वाक्य ‘पोटात दुखतंय’सारखं आहे. दुखतंय हे खरं, पण काय बिघडलंय ते त्यातून कळत नाही. आमच्या पिकअपबद्दल हे वाक्य गेला पावसाळाभर घरात ऐकू येत होतं आणि प्रत्येकाने आपापला आरोपी आधीच ठरवून ठेवला होता.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. आमचं गाव आळेफाट्याजवळ. टोमॅटोच्या दिवसांत नारायणगावच्या मार्केटला रोजची फेरी, आणि भाव बरा असला की माळशेज घाट उतरून कल्याण. अण्णांचे गुडघे दुखायला लागल्यापासून लांबच्या फेऱ्या गावातलाच एक २३ वर्षांचा पोरगा मारतो. त्याचं म्हणणं होतं की गिअर खरखरतो आणि रिव्हर्स तर पडतच नाही. अण्णांचं म्हणणं, “मी बसलो की लोण्यासारखा पडतो. ह्याचा पाय कच्चा आहे.”

गॅरेजवाल्याने एक चक्कर मारून सांगितलं, सिंक्रो गेलेत, बॉक्स उतरवावा लागेल, १८-२० हजार धरून चाला. अण्णांनी लगेच हिशोब लावला: गिअर ह्याने खाल्ले, तर निम्मे पैसे ह्याच्या पगारातून. पहिले २,००० कापलेसुद्धा. पैशांपेक्षा वाईट होतं ते ‘पाय कच्चा’. फाट्यावर ड्रायव्हरच्या नावामागे हे लागलं की पुढची गाडी मिळत नाही.

त्याच आठवड्यात तो ६० क्रेट घेऊन घाट उतरत होता. उतारावर तिसऱ्यातून दुसरा टाकायला गेला. तिसरा निघाला, दुसरा पडेना. भरलेली गाडी, उतार आणि न्यूट्रल. सगळा भार ब्रेकवर. त्याने कशीबशी कडेला घेतली, इंजिन बंद करून पहिला टाकला आणि तशीच पहिल्यात हळूहळू खाली नेली. दुसऱ्या दिवशी ओट्यावर चावी ठेवून म्हणाला, “अण्णा, पैसे कापा. पण ही गाडी मी घाटात नेणार नाही.”

मी शनिवारची पुण्याहून आले होते. मी गाडी चालवते, मेकॅनिक नाही. मला एवढंच खटकत होतं की एकाच गाडीचे गिअर दोन माणसांना वेगवेगळे कसे पडतील?

स्कूटरवर वाढलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. इंजिन सतत फिरत असतं. क्लच दाबला की इंजिन गिअरबॉक्सचा हात सोडतं. मग आतला शाफ्ट मोकळा होतो, पितळी सिंक्रो रिंगा वेग जुळवून घेतात आणि गिअर गुपचूप पडतो. हात अर्धवटच सुटला, तर इंजिन शाफ्टला ओढत राहतं आणि त्या बिचाऱ्या रिंगेला इंजिनाशी कुस्ती खेळावी लागते. असंच महिनोन् महिने चाललं तर रिंगा खरंच झिजतात. म्हणजे दुखणं क्लचचं आणि बिल बॉक्सचं, असंही होतं.

आधी इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहिले. अजिबात अडले नाहीत. बंद गाडीतही अडले असते तर दांडी, तिची जोडणी, बॉक्समधले फोर्क यांच्यावर संशय घ्यावा लागला असता. मग गाडी चालू केली, क्लच तळापर्यंत दाबला, पाचपर्यंत आकडे मोजले आणि रिव्हर्स टाकला. खर्रर्र! क्लच पूर्ण सुटत असता तर तेवढ्या वेळात शाफ्ट थांबला असता. आमच्या गाडीत रिव्हर्सला सिंक्रो नाही, त्यामुळे त्याच्या नावाने ओरडण्यातही अर्थ नव्हता. चालत्या गाडीत फक्त तिसरा खरखरला असता तर मीही म्हटलं असतं, त्याची रिंग गेली असेल. इथे सगळेच कुरकुरत होते. सगळ्या रिंगा एकाच पावसाळ्यात मरत नाहीत.

पेडलखालचं जुनं कार्पेट काढून पाहिलं. हसू नका, दुमडलेल्या कार्पेटमुळे पेडल शेवटपर्यंत जात नाही आणि लोक बॉक्स उतरवून बसतात. पण आमच्याकडे ते नव्हतं.

“सरक,” म्हणत अण्णा गाडीत बसले. रिव्हर्स पडला. पहिला पडला. रस्त्यावर एक चक्कर मारली, एकही आवाज नाही. अण्णांनी आमच्याकडे असं बघितलं की कोर्टाचा निकाल लागला.

मी त्यांच्या हातांकडे बघत होते. पोरगा पायांकडे बघत होता. तो म्हणाला, “अण्णा, तुम्ही दोनदा दाबता.”

“काय दोनदा?”

“क्लच.”

अण्णांनी १६ वर्षं ट्रक चालवला आहे. सिंक्रो पहिल्यांदा कॅडिलॅकच्या मोटारीत १९२८ साली आला. अण्णा ज्या ट्रकवर शिकले त्याच्या बॉक्सला मात्र तो नव्हता. तिथे डबल क्लच: दाबा, न्यूट्रल करा, सोडा, गरज पडली तर रेस द्या, पुन्हा दाबा, गिअर टाका. ट्रक सुटला, पण पायाची सवय गेली नाही. उभ्या गाडीतही त्यांचा पाय दोनदाच जातो, आणि हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं.

आमच्या गाडीचा क्लच वायरवर नाही, तेलावर चालतो. पेडल दाबलं की वरच्या सिलिंडरमधून ब्रेक ऑईल खालच्या सिलिंडरमध्ये जातं आणि तो क्लचला ढकलतो. सिलिंडर गळत असला किंवा त्यात हवा धरली, तर एका दाबात पूर्ण ढकललं जात नाही. लगेच दुसऱ्यांदा दाबलं की कमी पडलेला दाब भरून निघतो. अण्णांची डबल क्लचची सवय म्हणजे नकळत मारलेला पंप होता.

मग पोरगा बसला. एकदा दाबून रिव्हर्स: खर्रर्र. दोनदा दाबून: पडला. पुन्हा एकदा दाबून, पुन्हा दोनदा दाबून. अण्णा बाहेर उभे राहून ऐकत होते. चौथ्या वेळी म्हणाले, “बास. बॉनेट उघड.”

डबीतलं ऑईल खाली गेलं होतं. खालच्या सिलिंडरचं रबरी टोपण बोटाने मागे सरकवलं, तर आत ओलं. खरं तर बॉक्स उतरवायचा सल्ला देण्याआधी हे बघायला दोन मिनिटं लागतात.

नवा सिलिंडर आणि ब्रेक ऑईलची बाटली, सगळं २,००० च्या आत आलं. हवा काढायला दोन माणसं लागतात. पोरगा पेडलवर बसला. गाडीखाली मी जाते म्हटलं, तर अण्णा दुखऱ्या गुडघ्यांसह स्वतःच आडवे झाले, हातात पाना आणि बाटलीत सोडलेली पारदर्शक नळी.

“दाब.”

“दाबला.”

“धर... धर... हं, सोड.”

नळीतून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत हेच चाललं. मग पोराने एकदाच दाबून रिव्हर्स टाकला. आवाज आला नाही. अण्णा खालूनच ओरडले, “टाकला का?”

“टाकला, अण्णा.”

तिसरा अजून सकाळच्या गारव्यात थोडा कडक जातो. रिंग थोडी झिजली असावी. सीझन संपेपर्यंत बॉक्सला हात लावायचा नाही, असं ठरलं.

पुढच्या पगारात पोराला २,००० जास्त आले. त्यावर दोघांपैकी कोणीच काही बोललं नाही. अण्णा अजूनही दोनदाच दाबतात. पोराने डबीवर मार्करने रेघ मारून ठेवली आहे, आणि घाटाआधी मढला चहाला थांबला की बॉनेट उघडून ऑईल रेघेला आहे का ते बघतो.