साइट नवी करा, पण जुने पत्ते मारू नका

मंडळी, आज विषय जरा तांत्रिक आहे. तरी शेवटपर्यंत वाचा, कारण प्रश्न आपल्या सगळ्यांच्या कागदपत्रांचा आहे.

दर काही वर्षांनी सरकारी कार्यालयाची वेबसाइट 'नव्या रूपात' येते. उद्घाटन होतं, फोटो झळकतात. आणि कित्येकदा त्याच दिवशी जुन्या साइटचे सगळे पत्ते बंद पडतात. अर्जात, अपिलात, बातमीत दिलेली लिंक उघडावी तर '४०४', म्हणजे पान सापडलं नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे गुपचूप मुख्य पान उघडतं. ४०४ निदान खरं तरी सांगतो. मुख्य पान उघडलं की माणसाला वाटतं, आपणच काहीतरी चुकीचं टाइप केलं.

सर्व्हर सांभाळणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. गेल्या महिन्यात ओळखीचे एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे आले. वेतननिश्चितीच्या अपिलात त्यांनी २०१४च्या एका आदेशाची लिंक दिली होती. सुनावणीत साहेबांनी ती उघडली, तर समोर नव्या साइटचं मुख्य पान. "आदेश कुठाय?" गुरुजी गप्प. आदेश नव्या साइटवर होता, फक्त पत्ता बदलला होता. कार्यालयात विचारलं तर उत्तर मिळालं, "साइट नवीन झालीय, जुन्या लिंक चालणार नाहीत. टेक्निकल कारण आहे."

तर ते टेक्निकल कारण किती मोठं आहे ते बघू.

साइटच्या नावापुढे तिरक्या रेघांनी तोडलेला जो भाग असतो त्याला पाथ म्हणतात. एनजिनएक्स किंवा अपाचीसारखा सर्व्हर हा पाथ आपल्या कॉन्फिगरेशन फाइलमधल्या नियमांशी ताडून बघतो. नियमात ठरावीक शब्द लिहिता येतो किंवा नमुना लिहिता येतो. नमुना लिहिण्याच्या या भाषेला रेग्युलर एक्स्प्रेशन, बोलीत रेजेक्स म्हणतात. केन थॉम्पसन यांनी १९६८मध्ये अशा नमुन्यांनी मजकूर शोधण्याची पद्धत मांडली होती. म्हणजे ही काही कालची गोष्ट नाही.

पिनकोडवरून समजून घ्या. '४१५ आणि पुढे कोणतेही तीन अंक' हा एक नमुना झाला. पण एवढंच लिहिलं तर एखाद्या मोबाइल नंबरच्या मधोमध ४१५ आला तरी तो जुळतो. म्हणून सुरुवातीला ^ आणि शेवटी $ लावायचं. म्हणजे इथूनच सुरू आणि इथेच संपलं पाहिजे. नुसतं टिंब लिहिलं तर त्याचा अर्थ 'कोणतंही एक अक्षर'. खरंच टिंब हवं असेल तर त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते.

आता जुना पत्ता 'आदेश, वर्ष, क्रमांक' असा होता आणि नवा 'दस्तऐवज, वर्ष, क्रमांक' असा आहे समजा. नमुन्यात वर्ष आणि क्रमांक कंसात टाकले की सर्व्हर ते लक्षात ठेवतो आणि नव्या पत्त्यात जसेच्या तसे बसवतो. सोबत ३०१ हा कोड पाठवतो, म्हणजे 'कायमचा मुक्काम बदलला'. अशी एक ओळ त्या साच्यातल्या सगळ्या आदेशांना पुरते. दहा असोत की दहा हजार.

दोन खाचखळगे मात्र आहेत. एनजिनएक्समध्ये रेजेक्सचे नियम फाइलमध्ये ज्या क्रमाने लिहिलेत त्याच क्रमाने तपासले जातात आणि पहिला जुळलेला नियम लागू होतो. 'जुनं काहीही आलं की मुख्य पानावर पाठवा' असा ऐसपैस नियम वर लिहिला, तर खालच्या नेमक्या नियमांपर्यंत गाडी पोचतच नाही. दुसरं, पत्त्यातला प्रश्नचिन्हापुढचा भाग या पाथच्या नियमांना दिसत नाही. आदेशाचा क्रमांक तिथे असेल तर त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. लिहिता येतो, पण आठवणीने लिहावा लागतो.

हे सगळं आधी तपासताही येतं. कोणकोणते पत्ते मागितले गेले याची नोंद जुन्या सर्व्हरच्या लॉगमध्ये असते. ती यादी नव्या साइटवर चालवायची आणि काय उघडतं ते बघायचं. बऱ्याचदा दोन-तीन दिवसांचं काम.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८मध्येच लिहून ठेवलंय की चांगले पत्ते बदलत नाहीत. आपल्याकडे २००५च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ तर सांगतं की नोंदी सूचीबद्ध ठेवा आणि माहिती मागायच्या आधीच स्वतःहून लोकांपुढे मांडा. मांडलेली माहिती सापडतच नसेल तर मांडून उपयोग काय?

म्हणून एकच मागणी आहे. नव्या साइटच्या निविदेत अट घाला: जुना प्रत्येक पत्ता त्याच कागदावर पोचला पाहिजे, आणि यादी तपासून दाखवल्याशिवाय शेवटचं बिल निघणार नाही. तुमच्या नगरपालिकेत, जिल्हा परिषदेत साइट बदलायचं घाटत असेल तर तुमच्या सदस्याला हे आत्ताच सांगा. साइट सुरू झाल्यावर जुना सर्व्हर बंद होतो, आणि त्याबरोबर ती यादीही जाते.