बंदरावरची तांबू

गेल्या मार्गशीर्षात माझ्या धाकट्या दिरांनी मिरकरवाडा बंदरावरून एक तांबडी कुत्री घरी आणली. मागचा पाय वाहनाखाली सापडून लंगडा झालेला, कानांत गोचिडी, आणि माणूस दिसला की पोट जमिनीला लावून बसायची. मुलांनी नाव ठेवले तांबू.

आधी तिला गुरांच्या दवाखान्यात नेऊन रेबीजची लस टोचून घेतली, जंताचे औषध दिले. पाश्चरने १८८५ साली ही लस माणसाला प्रथम टोचली, तरी कुत्रे चावल्यावर जखमेत मिरची भरणारे अजून भेटतात! जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

शेजारी म्हणाले, "गोठ्याच्या खांबाला साखळीने बांधा, आठ दिवसांत घर ओळखील." पण आमच्या वाडीत रात्री बिबट्या फिरतो. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. सासूबाईंनीही बजावले, "अगो, माजघरात नको हो!" शेवटी मागच्या पडवीत, जिला रात्री दार लागते, तिथे पोते अंथरले. ती जागा तिची ठरली.

पुढे आम्ही तिला नुसते राहू दिले, आणि मुलांना तेच फार जड गेले. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, असे सांगतात. आमची तांबू तेवढ्यानेही गडगा ओलांडून पसार झाली असती! दोन्ही वेळा ठरल्या वेळी मऊ भात आणि काटे काढलेली उकडलेली मासळी ठेवायची नि बाजूला व्हायचे. कांदा, मसाला नाही. कोंबडीचे शिजलेले हाड मुळीच नाही. ते चिरफळते आणि आतड्यात टोचते. ती खाताना जवळ जायचे नाही. गुरगुरली म्हणून मारायचेही नाही. गुरगुरणे ही तिची ताकीद. ती मारून बंद केली, तर कुत्रे पुढे न सांगताच चावते.

केरसुणी पाहिली की ती थरथर कापे. कुणी तिला कशाने मारले असेल, हे आम्हाला न विचारता कळले. मग ती अंगणात गेल्यावरच मी पडवी झाडू लागले. तिसऱ्या आठवड्यात ती आपण होऊन माझ्या पायाशी येऊन बसली. मी हात लावला नाही, तांदूळ निवडीत राहिले.

खरी धास्ती शिमग्याची होती. ढोल वाजवीत पालखी दारात येणार, आणि मोहर आल्यापासून माकडे हाकलायला बागेत फटाक्यांचे बार चाललेलेच. पालखीच्या दिवशी तिला आधीच फिरवून, खायला घालून आतल्या खोलीत ठेवले. धाकटे भावोजी तिच्याजवळ बसले. ती हापापली, पण पळाली नाही. आतली खोली म्हणजे माजघरच. सासूबाईंनीच दार उघडून दिले होते.

आता पिल्ले होऊ नयेत म्हणून तिची शस्त्रक्रियाही झाली आहे. आणि सकाळी पेजेत मीठ घालण्यापूर्वी सासूबाई तिचा वाटा बाजूला काढून ठेवतात.