हिरोशिमात, ट्रॅमने

हिरोशिमा, जुलै

ती. आत्यास,


"एकटी जातेस, निदान माहीतगार माणूस तरी बरोबर घे," असं तू फोनवर म्हणालीस. नाही घेतला, आणि बरं झालं. जिथे थांबावंसं वाटलं तिथे थांबता आलं. ओसाकाहून शिंकान्सेननं दीड तासात इथे पोचले. पाय भरून आलेत, पण तुला लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

स्टेशनाच्या नव्या इमारतीत ट्रॅम पुलावरून थेट आत, वरच्या मजल्यावर येते. उतरताना चालकाजवळच्या पेटीत पैसे टाकायचे. तू लहानपणी दादरहून ट्रॅमनं जायचीस. मुंबईची ट्रॅम १९६४ साली बंद झाली, इथे मात्र गावभर ट्रॅम धावतात. पण तुला खरं सांगायचंय ते त्या चालवणाऱ्या मुलींबद्दल. युद्धात पुरुष आघाडीवर गेले, तेव्हा ट्रॅम कंपनीनं १९४३ मध्ये मुलींसाठी शाळा काढली. काही वेळ वर्गात, काही वेळ ट्रॅमवर. कुणी कंडक्टर, कुणी चालक. वय तुझ्या नववी-दहावीच्या वर्गातल्या मुलींएवढं. ६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी सव्वाआठला बॉम्ब पडला आणि ९ तारखेला पश्चिमेकडच्या एका छोट्या टप्प्यावर ट्रॅम पुन्हा सुरू झाली. कामावर होत्या त्या वाचलेल्या मुली. आत्या, तीनच दिवस गं. घरचं माणूस गेलं तर आपण तेरा दिवस उंबरा ओलांडत नाही. त्या दिवसांतल्या ६५१ आणि ६५२ क्रमांकाच्या गाड्या दुरुस्त होऊन अजून कंपनीत आहेत. मी एका थांब्यावर बराच वेळ वाट पाहिली, मला काही त्या दिसल्या नाहीत.

बॉम्बनंतर उरलेला तो घुमट तू फोटोत पाहिलाच आहेस. यान लेट्झेल नावाच्या चेक वास्तुकारानं उभारलेली ही इमारत १९१५ ची. स्फोट जवळजवळ डोक्यावरच झाला, म्हणून काही भिंती उभ्या राहिल्या. तिथून दोन मिनिटांवर, एका साध्या गल्लीत, रुग्णालयाच्या भिंतीलगत छोटासा फलक आहे. बरोबर त्याच्यावर, सुमारे ६०० मीटर उंचीवर बॉम्ब फुटला. शेजारून एक बाई सायकलवर भाजी घेऊन गेली. मी मान वर करून नुसतं आकाश बघत राहिले. ढगसुद्धा नव्हता.

नदीकाठी गांधीजींचा अर्धपुतळा आहे, २०२३ मध्ये बसवलेला. तो आपल्या राम सुतारांनी घडवलाय, धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे ते. मला एकदम घरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

मग संग्रहालय. तिकीट २०० येन. आत एवढी माणसं, पण बुटांचा आवाज तेवढा ऐकू येतो. एका काचेमागे जेवणाचा डबा आहे. वाकडा झालेला, झाकण उघडं, आतला भात जळून कोळसा. आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळे पट्टे करायच्या कामाला शाळकरी मुलांना लावलं होतं. हा डबा त्यातल्याच एका मुलाचा. त्याच्या आईला मुलाच्या अवशेषांपाशी तो सापडला आणि डब्यावरूनच तिनं मुलगा ओळखला. तू रोज पहाटे उठून माझा डबा भरायचीस. डब्याला पोचा आला तर रागवायचीस. मी तिथून हललेच नाही. मागून माणसं येत होती आणि बाजूनं जात होती, कुणी धक्का दिला नाही.

बाहेर आल्यावर भूक होती, पण घास उतरेना. किल्ला लांबूनच पाहिला, १९५८ साली पुन्हा बांधलेला. उन्हं कलल्यावर ओकोनोमियाकी खाल्लं. तव्यावर पातळ धिरडं, त्यावर ढीगभर कोबी, नूडल्स, अंडं. माझ्यासाठी मांस वगळलं. छोट्या उलथन्यानं तव्यावरूनच खायचं. युद्धानंतर खायची टंचाई होती, तेव्हा पीठ आणि कोबीवर हे इथे रुजलं.

संग्रहालयाजवळच्या बागेत एक आओगिरीचं झाड आहे. खोडाची स्फोटाकडची बाजू जळून पोकळ झालीय, तिच्या कडेनं साल फुगून आत वळलीय, जखम भरताना कातडी जुळते तशी. वर हिरवीगार पानं. आणि नदीकाठाला, मला आधी खरंच वाटेना, कण्हेर! गुलाबी, भरून आलेली. जळलेल्या जमिनीवर लवकर फुललेल्या झाडांत ती होती, म्हणून या शहराचं फूल कण्हेर आहे. विषारी असते, पोरंटोरं तोंडात घालतील, हे तुझं म्हणणं मला पटतं. तरी फाटकापाशी जी आहे ती काढायला माणूस सांगितला असशील, तर मी येईपर्यंत थांबव. तिला कुंपण घालू.

पुढच्या शनिवारी फोन करते. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी,
बेबी