मुक्या जिवाचा घास

राजूरचे डांगी जनावरांचे प्रदर्शन अकोले तालुक्याबाहेरही प्रसिद्ध आहे. डांगी हा डोंगराळ, अतिपावसाच्या मुलखातला गोवंश. त्याच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, म्हणून संततधारेतही तो तग धरतो. अशा बैलाची पारख करताना जाणता शेतकरी खांदा, खूर आणि चाल पाहतो. नुसत्या चरबीला तो भुलत नाही. जनावर राबते किती आणि त्याला वैरण किती लागते, हा हिशेब त्याच्या अंगवळणी पडलेला असतो.

दाराशी बसलेल्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र हा हिशेब आपण विसरतो. कुटुंबांच्या भेटीस जातो तेव्हा आम्हांस हे वारंवार दिसते. मुले नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस गेलेली, घरी वृद्ध आईवडील आणि एक कुत्रा. सकाळी चहात बुडविलेले बिस्किट, दुपारी तूप लावलेली पोळी, रात्री ताटातले उरलेसुरले. "फादर, तो असा तोंडाकडे बघत बसतो, नाही म्हणवत नाही हो," असे माउली सांगते. तिचे खरेच आहे. दूर गेलेल्या लेकरांचा घासच ती त्याला भरवीत असते. तो मुका जीव मात्र दोन पायऱ्या चढताना धापा टाकतो.

अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर कुत्र्यांवर केलेल्या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. एकाच विणीतल्या पिल्लांच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा चतुर्थांश कमी अन्न दिले गेले. कमी खाणारी कुत्री सरासरी पावणेदोन वर्षे अधिक जगली आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. कुत्र्याच्या आयुष्यात पावणेदोन वर्षे थोडकी नव्हेत.

उपाय घरगुती आहे. कुत्र्याच्या कुशीवरून हलका हात फिरवावा; बरगड्या सहज हाताला लागल्या पाहिजेत. वरून पाहता कंबर दिसली पाहिजे. अन्नाचे भांडे एकच असावे आणि वाढणारा हातही शक्यतो एकच. अधूनमधून दिलेला तुकडाही मापातच धरावा. कांदा, मनुका, चॉकलेट आणि शिजविलेली हाडे देऊच नयेत. अन्न हळूहळू कमी करावे. मांजराला तर एकाएकी उपाशी ठेवू नये, त्याने तिचे यकृत बिघडते. वजन फार वाढले असल्यास पशुवैद्यांना विचारावे.

नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायात नीतिमान माणसाची एक खूण सांगितली आहे: त्याला आपल्या जनावराच्या जिवाचीही पर्वा असते. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथानेही प्राण्यांशी दयेने वागण्यास सांगितले आहे. त्याचबरोबर माणसांचे दुःख निवारण्यासाठी जो पैसा प्रथम खर्चावयास हवा, तो प्राण्यांवर उधळू नये, अशी ताकीदही दिली आहे. ख्रिस्ती परंपरेने विवेक, न्याय, धैर्य आणि संयम हे चार मुख्य सद्गुण मानले. प्रायश्चित्तकाळात आपण संयम आपल्या ताटापुरता पाळतो. आपल्या हातून दुसऱ्याला जे वाढले जाते, त्यालाही तो लागू आहे.

वाढणे सोपे असते, वेळ देणे अवघड. त्या माउलीस आम्ही इतकेच सुचवितो की, संध्याकाळचे बिस्किट बंद करून कुत्र्याला बांधापर्यंत फिरवून आणावे. वाटेत शेजारीपाजारी भेटतील, चार शब्द होतील. त्या घरातल्या एकटेपणालाही त्याची गरज आहे.