आधी ग्रंथींचा शोध, मगच शस्त्रक्रिया

‘एकदाची पिशवी काढून टाका डॉक्टर, म्हणजे कटकट मिटली!’ गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान झाले की अनेक घरांतून हेच वाक्य ऐकू येते. सासू म्हणते, नवरा म्हणतो, भेदरलेली ती स्वतःही म्हणते. अशा वेळी डॉक्टरांनी आणखी एक स्कॅन लिहून दिला, की घरच्यांचा जीव खालीवर होतो. हा आठवडा फुकट चालला, असे वाटते.

पण प्रश्न नुसत्या पिशवीचा नसतो. हा रोग पसरू लागला की बहुधा आधी ओटीपोटातल्या लसिका ग्रंथींत शिरतो आणि तिथून महाधमनीलगतच्या ग्रंथींकडे वर सरकतो. व्हिएन्नाच्या अर्न्स्ट वेर्टहाइम यांनी १८९८ साली या रोगावरची मोठी शस्त्रक्रिया केली, तेव्हा ग्रंथींत काय दडले आहे ते पोट उघडल्यावरच कळत असे.

आज ते आधी ओळखण्याची धडपड आहे, आणि तिला तसेच कारण आहे. ग्रंथींतला रोग शस्त्रक्रियेनंतर उघडकीस आला, तर त्याच बाईला पुन्हा किरणोपचार आणि सोबत केमोथेरपी घ्यावी लागते. दोन मोठे उपचार एकाच देहावर! पायांची सूज, आतड्यांच्या आणि लघवीच्या तक्रारी मग अधिक छळतात. आधीच कळले, तर बहुधा चाकू टाळून थेट किरणोपचार व केमोथेरपी देता येते.

‘किरणं म्हणजे हाताबाहेर गेलेली केस,’ हा समजही सोडायला हवा. मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या ६३५ स्त्रियांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. या स्त्रियांची गाठ काहीशी वाढलेली होती. केमोथेरपीनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ६९.३ टक्के, तर किरणोपचार व केमोथेरपी एकत्र घेतलेल्यांपैकी ७६.७ टक्के स्त्रिया पाच वर्षे रोगमुक्त राहिल्या. त्याच वर्षी ‘फिगो’ या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाने नियम बदलला. ग्रंथींत रोग आढळला, तर मूळ गाठ लहान असली तरी टप्पा तिसरा धरला जाऊ लागला.

मग अंदाज बांधायचा कसा? एम.आर.आय.वर गाठीचा आकार आणि खोली दिसते. सुमारे १ सेंटीमीटरहून जाड ग्रंथी संशयास्पद ठरते. पेट स्कॅनमध्ये साखरेला हपापलेल्या पेशी उजळतात. तुकडा तपासताना लसवाहिन्यांत शिरलेल्या पेशी दिसल्या, तर धोका वाढतो. तरीही बारीकसा कण निसटू शकतो, आणि क्षयाने सुजलेली ग्रंथी फसवू शकते. शेवटचा शब्द सूक्ष्मदर्शकाचाच.

म्हणून ‘कधी काढणार?’ असे विचारण्याआधी घरच्यांनी विचारावे, ‘डॉक्टर, ग्रंथींत काही दिसतंय का?’ उत्तर दर वेळी छातीठोक मिळणार नाही. पण त्या उत्तरासाठी थांबलेला आठवडा फुकट गेलेला नसतो. दुसऱ्या मोठ्या उपचारातून तिची सुटका होणार की नाही, हे कदाचित त्याच आठवड्यात ठरते.